पितृपाटात आलेलं खोकं

कुठलीही वस्तू घ्यायची झाली की आमच्या घरात आधी तिला विरोध होतो, मग तिची चौकशी होते, मग तिचा मुहूर्त बघितला जातो, आणि एवढं सगळं होईपर्यंत घेणाऱ्याचा आनंद बाराच्या भावात गेलेला असतो. फ्रिजच्या वेळी हेच झालं. वडिलांच्या स्कूटीच्या वेळीही. पण माझ्या पहिल्या डीजे कंट्रोलरच्या वेळी जे झालं, त्याचा राग मला अजूनही मधूनच येतो. भाजी निवडताना येतो. लॅबमध्ये एखादा पेशंट ‘हळू टोचा हं’ म्हणाला की येतो.

कंट्रोलर म्हणजे काय ते आधी सांगते. हे मला इतक्या जणांना सांगावं लागलंय की आता ते सांगितल्याशिवाय माझी गोष्टच पुढे सरकत नाही. आमच्याकडे डीजे म्हणजे टेम्पोवर रचलेली स्पीकरची भिंत, जी गल्लीतून गेली की खिडक्यांच्या काचा थरथरतात. मला ती नको होती. मला हवं होतं लॅपटॉपला जोडायचं एक यंत्र, दोन पोळपाट शेजारी शेजारी ठेवल्यावर होईल एवढं. त्यावर दोन गोल चकत्या, मध्ये सरकणाऱ्या पट्ट्या, आणि बटणं. एका बाजूचं गाणं सगळ्यांना ऐकू येत असतं, तेव्हा दुसऱ्या बाजूचं फक्त तुमच्या हेडफोनमध्ये वाजतं. त्याचा ठेका पहिल्याशी जुळवायचा आणि पट्टी सरकवत हळूच ते त्यात मिसळायचं. नाचणाऱ्याला कळतही नाही की गाणं बदललं. बस, एवढंच.

हे एवढंच मला का हवं होतं, तर देवगाव रंगारीला मावसबहिणीच्या हळदीत माझी फजिती झाली होती. बायकांची हळद, अंगणात स्पीकर, आणि गाणी लावायला माझा फोन, कारण ‘तुझ्याकडं लई गाणी असतात’. प्रत्येक गाण्यानंतर तीन-चार सेकंद शांतता. तेवढ्या वेळात बायका वर केलेले हात तसेच ठेवून थांबायच्या, एकमेकींकडे बघून ओशाळायच्या, आणि एकदा ओशाळून बसलेली बाई परत उठत नाही. माझी मामी कुठल्याच लग्नात स्वयंपाकघरातून बाहेर येत नाही. त्या दिवशी कोण जाणे काय झालं, पदर खोचून आली आणि नाचायला लागली. ऐन रंगात फोन आला. कापायला गेले तर तो उचलला गेला, आणि क्रेडिट कार्ड विकणारी बाई अख्ख्या अंगणाला ‘नमस्कार मॅडम’ म्हणाली. सगळ्या हसल्या. मामी पदर सोडून आत गेली ती गेलीच. तिला परत बोलवायला मी दोनदा गेले. ती म्हणाली, ‘भात लागंल खाली.’

मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेते. तिथे माझ्याबरोबर काम करणारी माझी मैत्रीण सिल्लोडची. तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न दिवाळीनंतर ठरलं होतं. त्यांच्याकडे मेंदीचा कार्यक्रम फक्त बायकांचा. हॉलच्या त्या भागात पुरुषाला बंदी, म्हणून गाणी लावणारा माणूस पडद्याच्या पलीकडे बसायचा. त्याला अलीकडचं काही दिसायचं नाही. बायका दमून बसल्या तरी तो आपला धुमधडाका लावून मोकळा, आणि नाचायला उभ्या राहिल्या की नेमकं संथ काहीतरी. फर्माईश करायची तर पडद्याखालून चिठ्ठी सरकवायची.

‘तू बजा ना,’ मैत्रीण म्हणाली. ‘पडदाच लगाना नहीं पडता फिर. अम्मी को मैं बोल देती.’

मी हो म्हणाले. तिने अम्मीला सांगितलं, अम्मीने पडद्यामागच्या माणसाला ‘या खेपेला नको’ म्हणून कळवलं, आणि हे सगळं दोन दिवसांत उरकलं. माझ्याकडे तेव्हा यंत्र नव्हतं. एका लग्नघराची मेंदी माझ्या शब्दावर उभी होती, आणि माझ्या शब्दाच्या मागे होता तोच देवगावचा फोन.

मला भिशी लागली होती, वीस हजारांची. त्यातच कंट्रोलर, हेडफोन आणि वायरी बसवायच्या होत्या. मी व्हिडिओ बघायला लागले. हे व्हिडिओ करणारे लोक एका पांढऱ्या खोलीत बसलेले असतात, मागे एक कुंडी असते, आणि ते हसून सांगतात की नवशिक्याने फार खर्च करू नये, एवढ्यातच भागवावं. ते ‘एवढ्यातच’ म्हणजे माझे दोन पगार. दहा व्हिडिओ बघितले तर अकरा मतं. एक म्हणतो छोटा घ्या, शिकेपर्यंत पुरे. दुसरा म्हणतो छोटा घेतलात तर सहा महिन्यांत रडाल. खाली प्रतिक्रियांमध्ये एकाने लिहिलं होतं, आधी कान तयार करा. अरे बाबा, कान तयार आहेत, खिसा तयार नाही.

दुकानात जाऊन प्रत्यक्ष बघावं म्हटलं. आमच्या शहरात स्पीकर विकणारी दुकानं भरपूर, पण कंट्रोलर एकाच ठिकाणी होता, काचेच्या कपाटात, धूळ खात. दुकानदाराने मला विचारलं, ‘भावासाठी पाहिजे का?’ मी म्हटलं, माझ्यासाठी. तो म्हणाला, ‘मग भावाला घेऊन या, त्याला दाखवतो.’ मला भाऊ नाही. हे त्याला सांगितल्यावर त्याने खरंच हळहळून माझ्याकडे बघितलं आणि घरी वाजवायला चांगला म्हणून एक दिवे लागणारा गोल स्पीकर पुढे केला.

मग सेकंडहँड. वाळूजकडच्या एका माणसाने जाहिरात टाकली होती, ‘घरगुती वापर, एकदम नवा’. मी सुट्टीच्या दिवशी दोन रिक्षा बदलून गेले. यंत्र दिसायला मोठं झोकात होतं. मी एक पट्टी सरकवली तर तिच्या फटीतून गुलाल बाहेर आला. दुसरी सरकवली, तिच्यातूनही. घरगुती वापरात गुलाल कुठून आला, असं मी विचारलं. तो म्हणाला, ‘ताई, घरचाच गणपती होता.’ मी तशीच परत आले. रिक्षात बसल्यावर लक्षात आलं की माझी बोटंही गुलाबी झालीत.

सगळं करून तीन यंत्रं उरली. एक छोटं, खिशाला परवडणारं. पण त्याला स्वतःचं साउंड कार्ड नव्हतं. म्हणजे लोकांना एक आणि माझ्या कानात दुसरं, असे दोन वेगळे आवाज ते आपलं आपण काढूच शकत नव्हतं. मग मला त्याचा उपयोग काय? एक मोठं, त्याच्याकडे फक्त बघायचं. आणि एक मधलं. त्यात हेडफोनची वेगळी सोय, माइकची जागा, हॉलच्या साउंडला जोडायची जागा, सगळं होतं. फक्त ते बजेटच्या चार हजार वर होतं. मी लॅबच्या कोऱ्या फॉर्मच्या पाठीमागे या तिघांचा तक्ता काढला होता आणि तो पर्समध्ये घेऊन फिरत होते. मैत्रीण म्हणायची, इतका विचार तर आम्ही नवऱ्या मुलाचाही केला नाही.

आणि मग ऑनलाइन सेल लागला. मधलं यंत्र दोन दिवसांसाठी बरोबर माझ्या आवाक्यात आलं. मी जेवणाच्या सुट्टीत डबा अर्धवट सोडून ऑर्डर केली. इतका आनंद मला नोकरी लागल्यावरही झाला नव्हता.

खोकं आलं ते पितृपाटात.

हे मला आधी सुचायला हवं होतं. सेल लावणाऱ्यांना आमचे पितर माहीत नसतात, पण मला तर माहीत होते. आमच्याकडे त्या पंधरा दिवसांत नवी वस्तू घरात घेत नाहीत. आलीच तर उघडत नाहीत, वापरत नाहीत. मी घरी पोचले तेव्हा खोकं देवघराच्या बाजूला, जुन्या चादरीखाली झाकलेलं होतं. आईने त्याला हातही न लावता, कुरिअरवाल्याकडूनच तिथे ठेवून घेतलं होतं.

‘पितृपाट संपू दे,’ आई म्हणाली.

मी म्हटलं, ‘नुसतं उघडून बघते ग. लावत नाही.’

‘तुझं हत्यार हाय ना ते? त्याच्यावर काम करणार ना तू?’

‘हो.’

‘मग हत्याराची रीत अशी असती का? खंडेनवमीला पुजू, दसऱ्याला वाजव. इतके दिवस थांबली, अजून थांब.’

इथे मी भांडायला हवं होतं. मी एरवी कांद्याच्या भावावरूनही भांडते. पण मी भांडले नाही, आणि त्याचं खरं कारण सांगायला मला लाज वाटते. मी खूष झाले होते. आमच्या घरी खंडेनवमीला पाटावर वडिलांच्या पान्यांची पेटी मांडतात. ते वाळूजच्या एका कंपनीत फिटर आहेत. शेजारी देवगावचा कोयता आणि एक खुरपं, शेत आता बटाईने दिलंय तरी. माझी कुठलीच वस्तू त्या पाटावर कधी गेली नव्हती. इतकी वर्षं सुया टोचतेय, पण सुई काही पूजेला ठेवत नाहीत. आईने माझ्या यंत्राला हत्यार म्हटलं आणि मी विरघळले. पावतीवर बारीक अक्षरात लिहिलं होतं, परत करायचं तर सात दिवसांच्या आत. मी ते वाचलं होतं. वाचून घडी घालून ठेवलं होतं.

पितृपाटाचे उरलेले अकरा दिवस गेले. मग घट बसले. रोज लॅबमध्ये मैत्रीण विचारायची, ‘खोली क्या?’ आणि मी म्हणायचे, दसऱ्याला. ती कपाळावर हात मारायची. मी पुठ्ठ्यावर यंत्राचं चित्र काढून त्यावर बोटं फिरवायचा सराव करत होते, यावर आता कुणी हसलं तर मी काही म्हणणार नाही.

खंडेनवमीला खोकं उघडलं. काळंभोर, गुळगुळीत, सुंदर. फटीत काही जाऊ नये म्हणून मी त्यावर प्लास्टिक अंथरलं होतं. गुलाल मी विसरले नव्हते. आई म्हणाली, ‘कुंकू काय पिशवीला लावू का?’ मग तडजोड झाली आणि एका कोपऱ्यात, जिथे बटण नाही अशा ठिकाणी, हळदी-कुंकवाचं एक बोट उमटलं. पान्यांची पेटी, कोयता, खुरपं, आणि माझा कंट्रोलर. मी फोटो काढला. तो फोटो माझ्याकडे अजून आहे.

दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर यंत्र लॅपटॉपला जोडलं. सगळे दिवे लागले. आई ‘अग बाई’ म्हणाली. स्पीकरमधून गाणं आलं, पट्टी सरकवली तर दुसरं आलं. मग मी हेडफोन लावला. हेडफोनमध्ये काहीच नाही. वायर काढून पुन्हा घातली. दुसरा हेडफोन आणला. शेजाऱ्यांचा आणला. लॅपटॉपमधल्या सगळ्या सेटिंग बदलल्या, परत होत्या तशा केल्या. संध्याकाळपर्यंत तेच. नव्या यंत्राची हेडफोनची जागाच मेलेली होती. ज्या एका गोष्टीसाठी मी छोटं सोडून हे घेतलं, नेमकी तीच. पुढचं गाणं कानात ऐकल्याशिवाय मिसळायचं म्हणजे शीर न चाचपता सुई टोचायची. लागली तर लागली.

फोनवर ऑर्डर उघडली तर ‘परत करा’ हे बटण करडं झालं होतं. दाबलं तरी दबत नव्हतं.

ग्राहक सेवेतल्या माणसाला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, वस्तू मिळाली त्याच दिवशी उघडून बघायला हवी होती. मी म्हटलं, ‘पितृपक्ष होता.’ मग तो हळू आवाजात म्हणाला, ‘मॅडम, हमारे घर में भी नहीं खोलते. लेकिन सिस्टम में ऐसा कोई ऑप्शन नहीं है.’ आता याच्यावर चिडायचं तरी कसं? वॉरंटी आहे, सर्व्हिस सेंटरला पाठवा, सहा ते आठ आठवडे लागतील, असं त्याने सांगितलं. मेंदीला आठच आठवडे उरले होते.

मी फोन ठेवला आणि सगळा राग आईवर काढला. ती कढईत शेंगदाणे भाजत होती. मी म्हटलं, सात दिवस होते, फक्त सात, आणि तू मला तीन आठवडे बसवून ठेवलंस. मैत्रिणीच्या घरी आता काय तोंड दाखवू? मी आणखीही बोलले. म्हटलं, ‘तुझ्या पितरांनी माझे पैसे खाल्ले.’

तिने कढईखालचा गॅस बंद केला. शेंगदाणे ताटात ओतले, पसरले आणि गार व्हायची वाट न बघता त्यांची सालं काढायला लागली. बोटं भाजत असणार.

वडील तेवढे म्हणाले, ‘यंत्राला पूजा लागत नाय, ट्रायल लागती. आमच्या कंपनीत मशीन आलं की आधी ट्रायल.’ मी म्हटलं, हे तुम्ही तेव्हा का नाही बोललात? ते म्हणाले, ‘तेव्हा तू खूष होतीस.’ बैल गेला अन् झोपा केला, आणि झोपा करणारे सगळे आपल्याच घरचे.

यंत्र पाठवलं. दहा दिवसांनी सर्व्हिस सेंटरचा मेल आला की यंत्राच्या कोपऱ्यावर लाल-पिवळा डाग आढळला आहे, तरी द्रव पदार्थ सांडला होता का याचा खुलासा करावा. मी खुलासा केला. कुंकू हा द्रव पदार्थ नाही, असं मी तीन मेलमध्ये तीन प्रकारे लिहिलं. शेवटी पाटावरचा तो फोटो पाठवला, कोयत्यासकट. त्यानंतर पुढे काही विचारलं नाही.

दिवाळी आली आणि गेली. मी फराळाच्या ताटावर बसून पार्सल कुठवर आलं ते बघत होते. लॅबमध्ये मैत्रिणीला एकदा सरळ सांगून टाकलं की त्या पडद्यामागच्या माणसाला परत बोलवा. ती म्हणाली, त्याने ती तारीख दुसऱ्याला दिली. मग म्हणाली, ‘फोनपेच बजा दे यार, कोई बात नहीं.’ कोई बात नहीं म्हणताना ती माझ्याकडे बघत नव्हती. तिच्या अम्मीने सगळ्या नात्यात सांगून ठेवलं होतं की या वेळी पडदा नाही, आमच्या पोरीची मैत्रीण येणार आहे.

सहा आठवडे झाल्यावर सर्व्हिस सेंटरचा फोन आला. तो सुटा भाग मिळत नाही, नवीनच यंत्र पाठवतोय. मात्र खोकं मिळेल त्याच दिवशी उघडायचं, आणि सील तोडण्यापासून शेवटपर्यंत न थांबवता व्हिडिओ काढायचा. तसा व्हिडिओ नसेल तर तक्रार चालणार नाही. मी हा नियम घरात मोठ्याने, एकेक शब्द ठासून वाचून दाखवला. आई मेथी निवडत होती. तिला ऐकू जावं म्हणूनच मी वाचत होते. दसऱ्यापासून आमचं बोलणं चालू होतं, पण यंत्र हा शब्द तिने एकदाही काढला नव्हता.

खोकं आलं तेव्हा मी लॅबमध्ये होते. मला कुणी कळवलं नाही. संध्याकाळी घरी आले तर पलंगावर स्वच्छ चादर, तिच्यावर यंत्र, शेजारी वायर गुंडाळून ठेवलेली, आणि खोक्यातला थर्माकोलसुद्धा नीट रचलेला. स्वयंपाकघराची सुरी खोक्यावर होती.

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. आई अमावस्येला मीठसुद्धा विकत आणत नाही. मी म्हटलं, ‘आज अमावस्या आहे ना?’

‘व्हय,’ आई आतून म्हणाली. ‘म्हाईत हाय मला. तू लावून बघ आधी. कानातलं येतंय का बघ.’

मी पर्स खांद्याला तशीच ठेवून यंत्र जोडलं, हेडफोन लावला. एका कानात खणखणीत ठेका वाजला. मी हेडफोन काढून आईच्या डोक्याला लावायला गेले. तिने ओले हात वर धरले आणि मान पुढे केली. जरा वेळ ऐकून म्हणाली, ‘येतंय की.’ मग म्हणाली, ‘कुरिअरवाल्याकडून शूटिंग करून घेतलंय माझ्या फोनमधे. पाठव तिकडं.’ मी म्हटलं, आता गरज नाही, यंत्र चांगलं आहे. ती म्हणाली, ‘तरी तुझ्या फोनमधे घेऊन ठेव.’ मी तो व्हिडिओ घेतला आणि सरावाला बसले. हातात चार दिवस होते.

चार दिवसांत कुणी डीजे होत नाही. सिल्लोडच्या हॉलमध्ये एक प्लग सैल निघाला, तो चिकटपट्टीने बांधला. तीन वेळा माझा ठेका घसरला. नवरीच्या एका खालाने, म्हणजे मावशीने, तेच गाणं सहा वेळा लावायला लावलं. मी चिडले, घामाघूम झाले. पण पडदा नव्हता. मला सगळ्या दिसत होत्या. कोण दमलीय, कोण उठू की नको करतेय. मैत्रिणीची अम्मी दुपारभर खुर्चीवरून हलली नव्हती. अजानची वेळ झाली तेव्हा तिने माझ्याकडे बघून फक्त हात खाली केला. मी पट्टी हळूहळू खाली आणली, गाणं विरत विरत थांबलं. अजान झाल्यावर तिथूनच तसंच हळूहळू वर आणलं. कुणी ओशाळून खुर्चीत बसलंच नाही. अम्मी उठून माझ्यापाशी आली, यंत्राकडे बघत म्हणाली, ‘झटका नहीं देती तू,’ आणि तशीच पुढे पोरींच्या घोळक्यात शिरली. तिला नाचताना बघून मला देवगावची मामी आठवली. पुढचं गाणं मी कानात तयारच ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने निघाले. यंत्र मांडीवर होतं, खाली ठेवायची हिंमत नव्हती. करायला काही नाही म्हणून फोन चाळताना तो व्हिडिओ सापडला. हेडफोन गळ्यातच होता.

व्हिडिओ अकरा मिनिटांचा आहे आणि त्यातली बरीच मिनिटं आईचा पदरच दिसतो. कुरिअरवाला फोन धरून उभा आहे. ‘काकू, हात बाजूला घ्या. काकू, माझे अजून लई पार्सल हायेत.’ आई खोकं चारी बाजूंनी फिरवून दाखवते, सील दाखवते, माझं नाव-पत्त्याचं लेबल मोठ्याने वाचते. सुरी टेपवर टेकवते. आणि थांबते.

मग ती सुरी खाली ठेवते, दक्षिणेच्या, पितरांच्या बाजूच्या भिंतीकडे वळते, पदर डोक्यावर घेते आणि हात जोडते. आवाज अगदी बारीक आहे, नुसत्या फोनवर तो ऐकू आला नसता. ‘राग नका मानू,’ ती म्हणते. ‘पोरीच्या कामाचं हाय. तिला थांबता येत नाय.’

‘काकू, मला म्हणल्या का?’

‘तुला नाय,’ आई म्हणते. ‘तू धर नीट.’ आणि टेप कापते.